बोलिव्हिया, मोरोक्को आणि बेडोकचे काका

जगात कुठलीही गोष्ट एकटी असू शकते, यावर बेडोकच्या काकांचा विश्वास नाही. देवानं सगळं जोडीनं केलं आहे आणि तेही एकमेकांशेजारी ठेवून बघता यावं एवढ्याचसाठी, असं त्यांचं ठाम मत. पपई आणायची तर दोन दुकानांतून एकेक. मग दोन्ही एकाच दिवशी कापायच्या, एकाच सुरीनं, आणि घरातल्या सगळ्यांनी आळीपाळीनं खाऊन मत द्यायचं. एकदा त्यांची दाढ दुखायला लागली, तर डावीकडची दाढ त्यांनी एका दंतवैद्याला दाखवली आणि उजवीकडची दुसऱ्याला. पुढचे कित्येक दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला तोंड उघडून दाखवत ते विचारत होते, "कुठलं काम सफाईचं वाटतं?" काकूंच्या म्हणण्याप्रमाणे उजवीकडची दाढ मुळात दुखतच नव्हती.

मी सिंगापूरला, बेडोक नावाच्या वस्तीत, त्यांच्याकडे एक खोली घेऊन राहते. आमच्या इचलकरंजीच्या शाळेतल्या बाई काकूंच्या लांबच्या नात्यातल्या. मला इथल्या विद्यापीठात शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा बाईंनीच फोन करून ही सोय लावून दिली. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. वडील यंत्रमागावर आहेत, आई ब्लाउज शिवते. त्यामुळे इथं आल्यावर कुणाला काय विचारायचं असतं हेही मला ठाऊक नव्हतं. काकांनी दारातच माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "आधी इथं मुंबईचा एक मुलगा राहायचा. बघू." दोन महिन्यांनी निकाल लागला. "तो तुझ्यापेक्षा कमी बोलायचा. पण भांडी तू बरी घासतेस. एकूण बरोबरी." मला वाईट वाटलं नाही. काकांच्या तराजूत बरोबरी होणं हे फार वरचं आहे, हे तोवर मला कळलं होतं.

त्यांची बोलण्याची एक ढब आहे. डावा तळहात पुढे, उजवा तळहात पुढे, आणि मधे मान. "इकडे असं, इकडे असं," म्हणत ते दोन्ही हात हलके वर-खाली करतात. आयुष्यभर मोठ्या कंपनीच्या हिशेब खात्यात अधिकारी होते, त्याचा हा परिणाम असावा. पण काकू म्हणतात, लग्नाच्या आधीही असेच होते. बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्यापिण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, कॉफीचे दोन गाळे आहेत. काका दोन्हीकडून एकेक कप घेतात, मधल्या टेबलावर बसतात आणि एक घोट इकडचा, एक घोट तिकडचा, असे पितात. नंतर दोघांकडे जाऊन आपलं मत सांगतात. एका गाळ्यावरची चिनी आजी एकदा चिडून म्हणाली, "अंकल, यू ड्रिंक माईन, देन यू ड्रिंक हिज, देन कम बॅक कम्प्लेन. व्हाय लाइक दॅट, लाह?" काका शांतपणे म्हणाले, "नॉट कम्प्लेन. कम्पॅरिझन." आजीनं त्या दिवसापासून त्यांची साखर बंद केली. काका म्हणतात, तेव्हापासून तिची कॉफी सुधारली.

आणखी एक प्रसंग सांगते. बिशानला काकांच्या मित्राच्या नातीचं बारसं होतं. बेडोकहून बिशानला जायला बस बरी की एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, हा प्रश्न काकांना बरेच दिवस सतावत होता. बारशाचा मुहूर्त साधून त्यांनी अंगावर जरीची साडी आणि हातात झबल्याची पिशवी अशा काकूंना बसमध्ये बसवलं आणि स्वतः एमआरटीनं गेले. ठरलं असं की दोघांनी बिशान स्टेशनच्या दाराशी भेटायचं. काकू आधी पोचल्या. उन्हात उभं राहण्यापेक्षा बरं म्हणून सरळ मित्राच्या घरी गेल्या, पाळणा म्हटला, जेवल्या, गप्पा मारल्या. काका तेवढा वेळ स्टेशनच्या दाराशी, बस हरली या आनंदात, काकूंची वाट बघत उभे. फोन लावावा असं त्यांच्या मनात आलं, पण प्रयोग चालू असताना संपर्क करणं योग्य नाही, असं त्यांना वाटलं. बाळाचं नाव काय ठेवलं ते त्यांना परतीच्या वाटेवर कळलं.

आता हे सगळं हसण्यावारी न्यावं असंच आहे. पण मी राहायला गेले त्या वर्षी घरात एक तुलना अशी चालू होती की जिचा निकाल लागत नव्हता. काका निवृत्त झाले होते. दोघंही इथले कायम रहिवासी, पण पासपोर्ट भारताचा. परदेशी जाऊन परत यायचं तर जो परवाना लागतो त्याची मुदत वर्षाअखेर संपत होती, आणि नोकरी नसताना तो पुढे मिळेलच याची काकांना खात्री नव्हती. मुलगी आणि जावई शहराच्या दुसऱ्या टोकाला, बुकित पंजांगला राहतात. ते इथलेच नागरिक. पुण्यात सिंहगड रोडला काका-काकूंचा एक फ्लॅट आहे, भर उमेदीत घेतलेला, कुलूप लावून ठेवलेला. आता नागरिकत्वासाठी अर्ज करून इथंच म्हातारं व्हायचं, की हे घर विकून पुण्याला जायचं? काका रोज नाश्त्याला डावा हात पुढे करायचे, "पुणं. भाषा आपली, भाऊ जवळ, डॉक्टर ओळखीचे." मग उजवा, "इथं. पोरगी जवळ, बस वेळेवर, हवा स्वच्छ." हात वर-खाली व्हायचे आणि चहा गार व्हायचा. काकू म्हणायच्या, "मला उत्तर द्या. तराजू नको." आणि उठून जायच्या. मुलीचा फोन आला की तीही तेच विचारायची, "बाबा, ठरलं का?" काका म्हणायचे, "विचार चालू आहे." वर्ष अर्धं सरलं होतं.

त्याच सुमाराला मला एक निबंध लिहायला मिळाला. स्थलांतराच्या अर्थशास्त्राचा विषय होता. स्पेनमध्ये जाऊन राहिलेल्या बोलिव्हियाच्या आणि मोरोक्कोच्या लोकांच्या आर्थिक परिस्थितीची तुलना करायची होती. हा विषय का, तर आमच्या वर्गात स्पेनहून एका सत्रासाठी दोन विद्यार्थी आले होते. नोएलियाची आई बोलिव्हियाची आणि यासिनचे वडील मोरोक्कोचे. प्राध्यापकांना वाटलं असावं की आम्ही त्यांच्याशी बोलू. मी बोलले नाही. कुणाला घरच्या पैशाबद्दल कसं विचारायचं? मला कुणी विचारलं तर मीच अवघडते. मी ग्रंथालयात बसून तक्ते जमवले. रविवारी घरी फोन केला तेव्हा वडिलांना हे सांगितलं. ते म्हणाले, "ते बोलिव्हिया कुठं आलं गं?" मी सांगितलं. "लांब हाय म्हणायचं," म्हणाले, "आणि त्यांची काळजी तू करायलीस."

निबंधाचा कच्चा खर्डा प्राध्यापकांनी परत दिला तेव्हा खाली एकच ओळ होती: आकडे ठीक आहेत, माणसं कुठे आहेत? मी तो घेऊन घरी आले. चेहरा बघून काकूंनी विचारलं, मी सांगितलं, आणि 'तुलना' हा शब्द स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीपर्यंत गेला. काका चष्मा शोधतच आले. माझं लिहिलेलं कुणी बसून वाचतंय, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. काकांनी सगळं वाचलं. बोलिव्हियाच्या बहुतेक बायका लोकांच्या घरी, म्हाताऱ्यांच्या सेवेला. मोरोक्कोचे पुरुष शेतात, बांधकामावर. बांधकाम थंडावलं तेव्हा त्यांची कामं गेली, पण म्हातारी माणसं काही थंडावली नाहीत, म्हणून बायकांची कामं बरीचशी टिकली. बोलिव्हियाची भाषा स्पॅनिशच, आणि स्पेनच्या जुन्या वसाहतींतल्या लोकांना नागरिकत्वही लवकर मिळतं. मोरोक्को समुद्रापलीकडे दिसेल इतका जवळ, पण तिथल्या माणसाला त्यासाठी कितीतरी जास्त वर्षं थांबावं लागतं.

काकांनी दोन्ही हात पुढे केले, थोडे हलवले आणि खाली ठेवले. "तक्ते छान आहेत," ते म्हणाले. "पण यातल्या एका घरात मला मुलगी द्यायची असेल, तर कुठल्या घरात देऊ, हे कळत नाही."

"काका, मुलगी कशाला द्यायचीय?"

"अगं, परिस्थिती अशीच तपासतात. मिळकत काय, कुणीही सांगतं. जबाबदारी विचारायची असते. जबाबदारी कुठं आहे तुझ्या तक्त्यात?"

मला ते पटलं की नाही, सांगता येत नाही. पण दुसरं काही सुचतही नव्हतं. काका म्हणाले, "रविवारी सकाळी दोघांना घेऊन ये. एकाच वेळी, एकाच कोचावर. खाणं दोघांना तेच." काकूंनी विचारलं, "काय करू?" काका म्हणाले, "पोहे." त्यांनी ते अगदी सहज म्हटलं. काकूंनी माझ्याकडे बघितलं, मी काकूंकडे, आणि आम्ही दोघी कांदे चिरायच्या तयारीला लागलो.

ते दोघं आले. नोएलियानं काकूंसाठी फुलं आणली होती, यासिननं खजूर. काकांनी त्यांना कोचावर शेजारी शेजारी बसवलं आणि आपण समोर खुर्चीवर बसले. मी आतून ट्रेमध्ये पोहे घेऊन बाहेर आले, आणि उंबऱ्याशीच माझ्या लक्षात आलं की आपण खाली मान घालून चालतोय. माझ्या आत्याच्या वेळी मी हे पाहिलं होतं. तसाच ट्रे, तशीच लिंबाची फोड, तसंच वरून ओलं खोबरं. काकांनी गळा साफ केला. बोलणं अर्थातच इंग्रजीत झालं, पण प्रश्न अस्सल मराठी होते. मला ते मराठीतच आठवतात.

"वडील काय करतात?"

"ग्रीनहाउसमध्ये कामाला आहेत," यासिन म्हणाला. "टोमॅटो, ढोबळी मिरची."

"स्वतःचं?"

"नाही, अंकल. दुसऱ्याचं."

"गावी शेती?"

"थोडी. माझे काका करतात."

"वाटणी झालेली आहे?"

यासिन गोंधळला. मग नोएलियाची पाळी. भावंडं किती, त्यांची शिक्षणं झाली का, आईवर कुणाकुणाचा भार आहे, मामा काही हातभार लावतो का. ती भराभर सांगत गेली. आईच्या पगारातून गावाकडच्या दोन मावशांच्या मुलांच्या शाळा चालतात, मामा काही करत नाही. "मामा असेच," काका समजुतीनं म्हणाले. नंतर दोघांना एकदमच, "घरात कुणाला व्यसन?"

यासिननं नीट विचार केला. "वडील पुदिन्याच्या चहात साखर फार घालतात."

"चालेल," काका म्हणाले.

यासिन माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "ही कसली मुलाखत आहे?"

"आमच्याकडे लग्न ठरवताना अशी घेतात," मी म्हणाले.

"कुणाचं लग्न?"

"कुणाचंच नाही. तू पोहे खा."

त्यानं खाल्ले. दुसऱ्यांदाही घेतले. मग काकांनी तो प्रश्न विचारला, जो अशा बैठकीत कुणी विसरत नाही. "घर स्वतःचं की भाड्याचं?"

"दोन घरं आहेत," यासिन म्हणाला. "राहतो ते भाड्याचं. स्वतःचं आहे ते मोरोक्कोत, तिथं कुणी राहत नाही. वडील दर उन्हाळ्यात जाऊन थोडं थोडं बांधतात. आधी एक मजला होता, मग दुसरा झाला. म्हणतात, म्हातारपणी जायचंय. आई म्हणते, तिथं आता ओळखीचं कोण आहे? आम्ही भावंडं तर सुट्टीला गेलो तरी चार दिवसांत कंटाळतो."

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी पदराला हात पुसत विचारलं, "किल्ली कुणाकडे असते?"

"आत्याकडे. ईदच्या आधी ती खिडक्या उघडून ठेवते."

"आमची शेजारच्या वहिनींकडे असते," काकू म्हणाल्या. "त्या दिवाळीच्या आधी उघडतात."

नोएलिया म्हणाली, तिच्या आईचं उलट होतं. आईनं कागदपत्रं मिळताच नागरिकत्व घेतलं, कर्ज काढून माद्रिदच्या बाहेर लहानसं घर घेतलं आणि बोलिव्हियात एक वीटही ठेवली नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या आयांना अंघोळ घालते, भरवते. स्वतःची आई गेली तेव्हा मात्र तिला जाता आलं नाही. "तिनं एकदाच ठरवलं. त्याबद्दल परत कधी बोलली नाही."

"मग बरं कुणाचं म्हणायचं?" काका म्हणाले. हे त्यांनी आम्हाला विचारलं की स्वतःला, कळलं नाही. हात मांडीवरच होते.

नोएलियाला वाटलं असावं की आता प्रश्न विचारायची पाळी आपली. तिनं पोह्यांची बशी खाली ठेवली आणि अगदी काकांच्याच सुरात सुरू केलं. घर स्वतःचं का? दोन आहेत का? गावी कोण? म्हातारपणी कुठं? काकांनी सवयीनं डावा हात पुढे केला, पुणं, भाषा, भाऊ, डॉक्टर. उजवा केला, मुलगी, बस, हवा. नोएलियानं ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि आंटीला काय हवंय?"

"तिला पुणंच हवं," काका लगेच म्हणाले. "म्हणून तर ते घर ठेवलंय. माझं काय, मी कुठंही राहीन."

"मला कधी विचारलंत?" काकू मराठीत म्हणाल्या.

"विचारायचं काय त्यात? तुझं माहेर आहे."

"माहेर!" काकू हसल्या. "आईबाबा गेले, भाऊ नाशिकला. पुण्यात मी आता तुमच्या भावाची वहिनी, आणि सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरच्या काकू. इथं मी सकाळी पिशवी घेते, बाजारात जाते, मासळीवालीशी भांडते, तलावाला फेरी मारून येते आणि कुठं गेले होते ते कुणाला सांगत नाही. या वयात मला एवढं पुष्कळ आहे. मी इथं राहणार. आणि ते घर विकून टाका. त्याची धूळ इथं बसून माझ्या अंगावर येते."

पाहुण्यांना शब्द कळले नव्हते, पण अर्थ बहुधा कळला होता, कारण यासिन एकदम उठला आणि सगळ्या बशा गोळा करून आत घेऊन गेला. काका बराच वेळ काकूंकडे बघत राहिले. मला वाटतं, शेजारी ठेवायला दुसरं काही नसताना त्यांनी एखाद्याकडे असं बघितलेलं मी तेव्हाच पाहिलं. अखेर ते म्हणाले, "हे आधी सांगायचंस." काकू म्हणाल्या, "बघायच्या कार्यक्रमात मुलीला कोण विचारतं?"

पुढचे काही दिवस काका रुसले होते. कॉफी एकाच गाळ्यावर प्यायचे, तीही मत न देता. चिनी आजीनं काळजीनं मला विचारलं, "युवर अंकल सिक, इज इट?" मग एका सकाळी ते आणि काकू मुलीकडे गेले आणि तिच्या संगणकावर बसून दोघांचा नागरिकत्वाचा अर्ज भरून आले.

माझ्या निबंधात मी 'जबाबदारी' नावाचा एक भाग घातला. गावाकडच्या बंद घराची किल्ली कुणाकडे असते, आणि ते घर कुणाला हवं असतं, हे दोन्ही घरांत विचारलं पाहिजे, असं लिहिलं. आर्थिक परिस्थिती कुणाची बरी, याचा निकाल मी दिला नाही. पगार, कायदा, भाषा यांत बोलिव्हियाच्या बायकांची बाजू थोडी वरचढ दिसते, पण आपली माणसं जवळ असण्याची किंमत कशात धरायची हे मला माहीत नाही, असंच प्रामाणिकपणे लिहून टाकलं. प्राध्यापक म्हणाले, शेवटचा भाग चांगला आहे, आधीचा सगळा सारांश आहे. गुण बरे मिळाले. वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "तिकडच्यांचं काय ठरलं?" मी म्हणाले, "काही नाही ठरलं, दादा. फक्त लिहिलं." ते म्हणाले, "लिहिलंस ते बरं झालं."

परवाना पुढे वाढवून मिळाला. नागरिकत्वाच्या अर्जाचं उत्तर मात्र अजून आलेलं नाही. ते येईपर्यंत पुण्याचा फ्लॅट ठेवावा, असं मुलीचं म्हणणं होतं. पण काका म्हणाले, नाही, हिनं सांगितलंय ना विकायला. दुसरी बाजू हातात नसताना काकांनी काही सोडलेलं मी प्रथमच पाहिलं. गेल्या महिन्यात ते एकटेच पुण्याला गेले. काकूंच्या गुडघ्यांना ते जिने झेपले नसते.

घर रिकामं करून झालं त्या दुपारी त्यांचा फोन आला. काकू मेथी निवडत होत्या, म्हणून त्यांनी फोन ओट्यावर ठेवून स्पीकर लावला. मी शेजारी काड्या गोळा करत होते. काकांचा आवाज घुमत होता, भिंतींवरून परत येऊन दोनदा ऐकू यावा तसा. पलंग गेला, कपाट गेलं, भांडी वहिनींनी घेतली, असं त्यांनी सांगितलं. काकूंनी विचारलं, "आणि घर कसं दिसतंय?"

मागं रस्त्यावरच्या स्कूटरचे हॉर्न वाजत होते.

"मोठं दिसतंय गं," ते म्हणाले. "आपल्याला पुरलं असतं."

काकूंचे हात मेथीतच थांबले. "हो," त्या म्हणाल्या, "पुरलं असतं." मग त्यांनी विचारलं, खिडकीतून संध्याकाळी ऊन येतं का. काका म्हणाले, थांब, बघतो, संध्याकाळपर्यंत इथंच आहे. फोन त्यांनी बंद केला नाही. काकूंनीही केला नाही.